धोंडीरामची शीळ

१९७७च्या हिवाळ्यात दातांच्या डॉक्टर महादेवी हिरेमठ पाहणीसाठी सोलापुराहून मोडनिंबला आल्या. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर खुर्ची टाकून त्या एकेकाचं तोंड तपासत आणि किडलेले, पडलेले दात छापील तक्त्यात मांडत.

रंभाबाईंच्या तोंडात नऊच दात उरले होते.

"काही अडतं का, आजी?"

"काय अडायचंय? भाकरी आमटीत कुस्करती. अन् हसायला दात कशाला लागत्यात?" म्हातारी खदखदून हसली.

मग धोंडीराम बसला. चाळिशीचा गडी, दात मजबूत. फक्त वरचे पुढचे दोन नव्हते. गाडी जुंपताना जू तोंडावर बसलं होतं. तक्त्याच्या हिशेबानं त्रास किरकोळ. पण तपासणी होताच त्यानं उपरण्यानं तोंड झाकलं.

महादेवींचा पेन थांबला. नऊ दातांची बाई हसते आणि तीस दातांचा माणूस तोंड लपवतो, हे कसं?

"तुम्हाला काय त्रास होतो?"

"काय न्हाय."

"काय न्हाय कसं?" मागं उभी असलेली त्याची बायको गोजरबाई म्हणाली. "ह्यांची शीळ गेली की, बाई. ह्यांनी शीळ घातल्याबिगर बैलं पाण्याला तोंड लावत न्हवती. आता धाकला दीर चुचकारून पाजतोय, अन् हे हौदाकडं फिरकत बी न्हाईत."

तक्त्यात शिळेला रकाना नव्हता. महादेवींनी कागद उलटा केला.

"महिन्यातले किती दिवस हौदावर जात नाही?"

"एक बी दिस जात न्हाय," धोंडीराम खाली बघत म्हणाला.

त्या दिवसापासून त्या प्रत्येकाला विचारू लागल्या: दातांपायी काय सुटलं, आणि महिन्यातले किती दिवस? कुणी शेंगा सोडल्या होत्या, कुणी लग्नाच्या पंगती. पडलेल्या दातांचा आकडा आणि दिवसांचा आकडा काही केल्या जुळेना. सोलापुरात पाहणीचं काम सोपवणाऱ्या वरिष्ठांनी कागद चाळले.

"ह्या शिळेचं मी काय करू?"

"मलाही कळलेलं नाही, सर. पण दिवस मोजता येतात."

धोंडीरामला त्यांनी नवी पेठेतल्या आपल्या दवाखान्यात बोलावलं आणि दोन दात बसवले. त्यानं ओठ आवळून फुंकर मारली. नुसती हवा आली. महादेवींनी दातांची आतली कड घासली, पुन्हा हवाच. तिसऱ्या खेपेला बारीक सूर निघाला, तसे बाहेर बसलेले रोगी दारातून डोकावले. धोंडीराम लाजला, पण थांबला नाही.

पंधरा दिवसांनी त्या मोडनिंबला गेल्या, तेव्हा तो नंद्या-पवळ्याची बैलजोडी घेऊन हौदाशीच उभा होता. त्यानं शीळ घातली. अर्धा सूर, अर्धा वारा. नंद्यानं पाण्यात तोंड घातलं. पवळ्या मात्र कान टवकारून बघत राहिला.

"ह्यो अजून वळखत न्हाय," धोंडीराम म्हणाला.

"हौदावर यायला किती दिवस जमलं?"

"आठ-धा दिस. जरा थांबा, बाई, लगीच लिवू नगा."

त्यानं पुन्हा ओठ आवळले. महादेवी पेन उघडा धरून पवळ्याच्या कानांकडे बघत राहिल्या.