जबडा बांधलेले आठवडे

जावयाचा फोन आला तेव्हा आई चष्म्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होती. ठकी कामावर शिडीवरून पडली, जबड्याचं हाड मोडलंय, जिवावरचं काही नाही, असं तो सांगत होता. वरचे-खालचे दात तारांनी बांधून तोंड बंद केलंय, काही आठवडे फक्त पातळ घ्यायचं. दुसरी कुणी असती तर दुखतंय का म्हणून विचारलं असतं. हिने विचारलं, "वजन बघितलं का तिचं?"

जावई गोंधळला. तो मुलांना पोहायला शिकवायचा, शांत माणूस होता. ठकीचा जुना आजार त्याने ऐकला होता, पाहिला नव्हता.

पाहिला होता तो आई-बाबांनी. शाळेत असताना ठकीने हळूहळू खाणं सोडलं. आधी गोड, मग तेल, मग जवळजवळ सगळंच. हाडं वर आली तरी आरशात तिला जाड मुलगीच दिसायची. शेवटी एका समुपदेशक बाईंनी आई-बाबांना समोर बसवलं. चूक कोणाची ते शोधत बसू नका म्हणाल्या. मुलगी वेगळी, आजार वेगळा. तिला सध्या स्वतःचं ताट वाढून घेता येत नाही, म्हणून ते तुम्ही वाढायचं आणि ती संपवेपर्यंत शेजारून उठायचं नाही.

आईने रजा काढली. बाबा बस चालवायचे. दुपारी ते ठकीला डेपोत न्यायचे आणि उभ्या बसच्या मागच्या सीटवर दोघं डबा खायचे. ठकीने डबे भिरकावले, रडली, नाही नाही ते बोलली. दोघं बसून राहिले. वजन चढलं, तसं एकेक जेवण तिच्या हातात परत दिलं. कॉलेजात ती एकदा घसरली आणि सावरली. पुढे नाटकांचे सेट बांधायला शिकली, लग्न केलं, दुसऱ्या गावी राहायला गेली. पोरगी बरी झाली, असं सगळे म्हणायचे. आईही म्हणायची. फक्त ठकी भेटायला आली की आईची नजर आधी तिच्या मनगटावर जायची.

दोघं लगोलग निघाले. ठकीने दार उघडलं. गाल सुजून फुगला होता, बोलणं दातांच्या फटीतून यायचं. बाबांनी तिला बघितलं आणि म्हणाले, "चला, आता तरी घरात माझं ऐकून घेतलं जाईल." ठकी हसायला गेली आणि कळवळली.

पहिले काही दिवस ठीक गेले. जावई सूप गाळून द्यायचा, दूध-केळं मिक्सरमधून काढायचा. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की थोडं वजन उतरतंच, काळजी नको. त्या 'उतरतंच'नेच आईचा जीव टांगणीला लागला. ठकीला एकदा वजन उतरू देणं म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांना कुठून माहीत असणार.

मग आईला खुणा दिसायला लागल्या. सूज उतरली तशी ठकी टवटवीत दिसू लागली, जरा जास्तच. ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठून फिरून यायची, आली की कपाटं आवरायला घ्यायची. सूप घट्ट लागतं म्हणून त्यात पाणी घालायची. पेला सिंकमध्ये जायचा तेव्हा त्याच्या तळाशी दूध असायचं, आणि रोज ते थोडं वर चढत होतं.

आईने बाबांना जिन्यात गाठलं. तिथे ती दोघं हलक्या आवाजात भांडली. बाबांचं म्हणणं, तोंड बांधलेल्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करणार. ती मोठी झालीय, तू तिच्यावर पहारा ठेवू नकोस.

"पहारा नाही ठेवत मी," आई म्हणाली. "मी ओळखते त्याला. तो परत आलाय."

बाबा कठड्याला धरून उभे राहिले. त्यांनाही दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेला अर्धा ठेवून ठकी उठली तेव्हा आईने तो पुन्हा तिच्यापुढे सरकवला. ठकीचा चेहरा बदलला. बांधलेल्या दातांतून ओरडता येत नाही, म्हणून ती शब्द दाबत म्हणाली, "मी पंधरा वर्षांची नाहीये." आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. जावई सासूकडे बघत राहिला, मग खाली बघत राहिला. आईने पेला धुतला. आपण घाई केली, आता ती आपल्यालाच दार बंद करेल, या धास्तीने तिने बॅग भरायला घेतली.

दुपारी ठकी बाहेर आली. आईच्या बॅगेशेजारी पलंगावर बसली.

"दुखतंय?" आईने विचारलं.

"नाही. बरं वाटतंय मला. तेच वाईट आहे ना." ती थांबून थांबून बोलत होती. "भूक लागत नाही आणि त्याचा आनंद होतो, आई. जीन्स सैल झाली तेव्हा किती छान वाटलं. कुणी काही बोलूही शकत नव्हतं, तोंडच बांधलेलं होतं ना."

आईने तिचा हात धरला. आता काही चुकीचं बोलायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"मागच्यासारखं नको," ठकी म्हणाली. "तू वाढायचं नाहीस. पण शेजारी बसा. आणि त्याला शिकव. तुम्ही गेल्यावर तोच असणार आहे."

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. आईने जावयाला सांगितलं की घासाघीस करायची नाही, शाबासकी द्यायची नाही, पेल्याकडे टक लावून बघायचं नाही. ती चिडली तर आजार चिडलाय असं समजायचं आणि बसून राहायचं. आणि दुसरं काहीतरी बोलत राहायचं.

"काय बोलू?" त्याने विचारलं.

"काहीही. आमचे हे एकाच उतारूची गोष्ट वर्षभर सांगत होते."

जावई पोहायच्या तलावातल्या गोष्टी सांगायला लागला. कोण पाण्याला घाबरतं, कुणाची चड्डी हरवली. पहिल्या दिवशी त्याचा आवाज कापत होता. पेला मात्र रिकामा झाला. ठकीने स्वतःच्या समुपदेशकालाही फोन केला. ते फिरायला जाणं थांबवायचं ठरलं. ते तिला फार जड गेलं. सकाळी ती खिडकीशी बसून पाय हलवत राहायची.

तारा निघाल्या तेव्हा सगळे खूश झाले, ठकी सोडून. आता चावायचं होतं, आणि न खायला कारण उरलं नव्हतं. उकडलेलं अंडं, लोणी लावलेला मऊ पाव, एवढंच तिने स्वतः वाढून घेतलं. आई-बाबांनी बाहेरच्या खोलीत थांबायचं, असं तिनेच सांगितलं होतं.

बाहेर बाबांनी वर्तमानपत्र उघडलं आणि पानच उलटलं नाही. आतून जावयाचा आवाज येत होता. मग तोही थांबला. चमचा वाजला नाही, खुर्ची हलली नाही. मग ठकीचं रडणं ऐकू आलं, दबलेलं. आई उठली. बाबांनी नको म्हणून मान हलवली. ती उभीच राहिली, दारापासून हातभर अंतरावर, आणि तिथून पुढे न जाणं हे तिने आयुष्यात केलेलं सगळ्यात कठीण काम होतं. आतून जावई पुन्हा बोलू लागला, कुठल्याशा शिट्टीबद्दल. शेवटी ताट बाहेर आलं तेव्हा त्यावर अर्धा पाव होता. उरलेला तिने थोड्या वेळाने, उभ्या उभ्या, डोळे पुसत खाल्ला.

वजन परत आलं, पण सरळ नाही. एका आठवड्यात चढायचं, पुढच्या आठवड्यात अडायचं. ठकी कामावर जाऊ लागल्यावर आई-बाबा घरी परतले.

मधे काही महिने गेले. एका संध्याकाळी ठकीचा फोन आला. नव्या नाटकासाठी फिरता जिना बांधायचाय, असं ती उत्साहाने सांगत होती. आई हं हं करत होती. ठकी मधेच थांबली.

"विचार ना. कधीची ओठांवर आणून बसलीयस."

"जेवलीस?" आईने विचारलं.

"नाही अजून. आत्ता बसतोय दोघं."

दुपारी काय खाल्लं, ताटात काय आहे, हे सगळं आईच्या घशापर्यंत आलं.

"बरं," ती म्हणाली. "बसा मग." आणि तिने फोन ठेवला.