सकाळची घोडी

नदीचं नाव ग्रे मेअर, पण अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरांत मेंढ्या राखणारे, स्पेनकडून आलेले बास्क लोक तिला नुसतं 'घोडी' म्हणत. एन्ग्रासीनं घोडीच्या उगमाशी, बर्फाच्या शिखराखाली, एकतीस उन्हाळे काढले होते. नवराही तिथंच पुरला होता. तिथं नदीची वेळ ठरलेली. दिवसा बर्फ वितळला की दुपारी फुगायची, रात्री गारठा पडला की ओसरायची. सकाळची घोडी गरीब, दुपारची लाथा मारते, हे तिनं पेयोला, एकुलत्या एका लेकाला, चालता यायच्या आधी शिकवलं होतं.

यंदा वरचं कुरण बंद झालं. मायलेक कळप घेऊन तीस मैल खाली उतरले. पहिल्याच संध्याकाळी पाणी प्यायला गेलेल्या सहा मेंढ्या नदी ओलांडून पलीकडे चरायला लागल्या. पेयोनं घोड्यावर खोगीर टाकलं.

"संध्याकाळचा नदीत उतरतोस? अक्कल वर विसरून आलास का?"

"मेंढ्या गेल्या की, आमा."

"मेंढ्यांना सांगायला आई नसते. सकाळी जा."

तिशीचा बाप्या, पण आईचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. रात्रीत कोल्हे चंगळ करतील, एवढं पुटपुटून त्यानं खोगीर उतरवलं.

सकाळी पाण्याचा आवाज मोठा होता. पाणी गढूळ, काठावरची झुडपं निम्मी बुडालेली. एन्ग्रासीनं ते पाहिलं. पाहिलं नव्हतं, असं तिला पुढे कधीच म्हणता आलं नाही.

"कालच्यापेक्षा जास्त वाटतंय, आमा."

"ऊनच पडलं नाही, तर बर्फ वितळेल कुठून? माझे केस काही उन्हानं पांढरे नाही झाले. भ्यालास होय?"

तो हसला आणि उतरला. मध्यावर घोड्याचे पाय सुटले. खालच्या वळणावर घोडा बाहेर आला, पण खोगीर रिकामं होतं.

दुपारी शेजारच्या गोठ्याचा मालक एमस पेयोचा देह घेऊन आला. ओंडक्यांत अडकला होता. भल्या सकाळी कशाला उतरला, असं एमसनं विचारलं, तेव्हा तिनं आपला नियम सांगितला. एमसनं डोक्यावरची टोपी काढली.

"वर दुपारी वितळलेलं पाणी इथं पोचायला रात्र जाते, बाई. इथं घोडी सकाळी भरते. संध्याकाळी उतरते."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

दिवस कलल्यावर, लेकाला धुऊनपुसून मुक्कामाच्या गाडीत निजवल्यावर, एन्ग्रासी घागरा खोचून नदीत शिरली. पाणी गुडघ्यालाही आलं नाही. पलीकडे सहाही मेंढ्या रवंथ करत बसल्या होत्या. तिनं त्यांना हाकत आणलं. पाणी त्यांच्या पोटाला लागलंही नाही.