मार्लीसच्या नावाचा भोपळा

लाकडी भोपळ्यावरून केशरी रंगाचा एक ओघळ खाली येत होता, आणि डोरीन हातात ब्रश धरून नुसती बघत राहिली... पुसावा की राहू द्यावा? राहू दे. या भोपळ्याला ओघळ चालेल.

अंगणात कुंपणाच्या जुन्या फळ्यांचा क्रूस उभा झाला होता, त्याला मक्याची ताटंही बांधून झाली होती. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती क्रूसाच्या पायथ्याशी घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक भोपळा मांडायची. चर्चला जाणारी माणसं गाडी हळू करून नावं वाचायची. गेल्या वर्षी नवऱ्याचा, वेंडलचा भोपळा तिथे नव्हता, आणि तेवढं मात्र साऱ्या गावाने बरोबर वाचलं.

सकाळी मुलीचा फोन आला होता. "आई, बाबा जेवायला येतायत. मार्लीसला घेऊन."

"येऊ देत."

"मग तिच्या नावाचाही कर ना एक. पास्टर म्हणत होते, आईने मन मोठं केलं तर—"

"पास्टरांना म्हणावं, मांडा की तुमच्या अंगणात."

"असं काय गं, नातीसाठी, ट्रिनासाठी एवढंही नाही करणार? एक भोपळाच तर आहे!"

एक भोपळाच. आणि मार्लीस कोण, तर माझी प्रार्थनेची जोडीदारीण—चर्चनेच जोड्या लावून दिल्या होत्या. मंगळवारी दहाला ती यायची, स्वयंपाकघरात आम्ही हात धरून बसायचो, आणि देवापुढे मांडायची म्हणून नवऱ्याची सगळी गाऱ्हाणी मी तिच्यापुढे मांडली... तो घुम्यासारखा बसतो, पण जुन्या ट्रॅक्टरचं विचारलं की कसा खुलतो, ॲपल-पायमध्ये दालचिनी जरा जास्तच लागते त्याला... 'प्रभू, याला समजून घेणारं कुणी दे,' हेसुद्धा मीच म्हणाले, डोळे मिटून, मूर्खासारखी. मार्लीसने 'आमेन' म्हटलं होतं.

आता बुधवारच्या सभेत डोरीनच्या कठोर मनासाठी नाव घेऊन प्रार्थना होते. वेंडलच्या मनाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तिला त्या सगळ्यांची शिसारी आली.

तिने पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला. पहिलं अक्षर काढलं, आणि हात थांबला. राग येत होता, पण तो वेंडलपर्यंत पोचतच नव्हता—वेंडल गेला तर गेला, त्याच्या चिखलाच्या बुटांशिवाय घर उलट बरंच होतं, त्याच्यासाठी ती एकदाही रडली नव्हती. मग गेलं वर्षभर मंगळवारी दहा वाजले की नजर दाराकडे जाते, ती कुणासाठी?

मार्लीससाठी. तिच्या गरम, जाड हातांसाठी.

डोरीन ओल्या गवतावर मटकन बसली. हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि असलं काही सांगावं अशी बाई तिला आयुष्यात एकच भेटली होती.