उरलेले घोट

रसवाला ग्लास भरून रस कधीच प्यायचा नाही. अभिमानानं सांगायचा तसं. गिऱ्हाइकाचा ग्लास काठोकाठ भरला की मिक्सरच्या भांड्यात दोन-चार घोट उरत, तेवढे तोंडाला लावायचा. टाकवत नसे. दिवसभरात असे किती घोट, ते देवाला ठाऊक.

"तहान भागत नाही तुमची," बायको संत्री सोलता सोलता म्हणाली. "रात्री सारखे उठता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आधी पायांच्या नसा बधिर होतात, मग थेट हृद—"

घर्रर्र.

नको ते बोलणं निघालं की तो मिक्सर लावायचा.

"फळं खाऊन कुणी मेलंय का?"

"खाता कुठे? चोथा जातो बादलीत, आणि पाच-पाच संत्र्यांची साखर एका—"

घर्रर्र.

"साखर घालतो का मी? पाटी वाच!"

वरून साखर नाही. पाटी त्यानंच रंगवली होती. गिऱ्हाइकांचा बसो न बसो, त्याचा स्वतःचा तिच्यावर ठाम विश्वास बसला होता.

"घरी संडासात मुंग्या लागल्यात," बायको हळूच म्हणाली. "तिथे कुणी रस सांडला?"

"गोड माणसाचं सगळंच गोड!"

तो एकटाच हसला.

दुपारी एका गिऱ्हाइकाच्या हातून ग्लास निसटला. खळ्ळकन. रसवाल्यानं काचा झाडल्या, पुन्हा कामाला लागला. चिकट फरशी चप्पल धरून ठेवते म्हणून तो अनवाणीच वावरायचा. कलिंगड. अननस. घोट. मोसंबी. घोट.

"हे लाल काय सांडलंय?" बायकोनं विचारलं.

"डाळिंब असेल. पूस."

ती फडकं घेऊन वाकली. थांबली.

"डाळिंब आज आणलंच नाही."

त्यानं खाली पाहिलं. लाल ठसे. फळांच्या टोपलीपासून मिक्सरपर्यंत, मिक्सरपासून टोपलीपर्यंत, दुपारभराच्या खेपांचे. सगळे एकाच पायाचे. पाय उचलून पाहिला, तर टाचेत बोटाच्या पेराएवढी काच रुतलेली.

"अहो... दुखतंय का?"

त्यानं बटण दाबलं.

आवाज आला नाही. मिक्सरची पिन काढून बायकोनं हातात घट्ट धरली होती. दुकानात इतकी शांतता त्यानं कधी ऐकली नव्हती. टोपलीखालून मुंग्यांची ओळ निघाली होती. संत्र्यांना वळसा घालून ती ठशांकडे वळली.

"दुखतंय का?"

"नाही," तो म्हणाला.