जाळीवाल्याचा चेहरा

"ही माझ्या मित्राची खुर्ची आहे," यज्ञेश्वर उकिडवे म्हणाले.

"माझ्या नवऱ्याची आहे," सकीना म्हणाली, आणि बसली.

यज्ञेश्वर शेजारच्या खुर्चीत बसले. विमा कंपनीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला माघार घ्यायची सवय नसते. त्यांनी चष्मा पुसला. पुसायची गरज नव्हती.

"तुम्ही इथं कशा, सकीनाभाभी?"

"यांच्या फोनवर या सिनेमावाल्यांचा मेसेज आला. 'युसूफकाका, तुमची सीट ठेवलीय.' ठेवलीय तर म्हटलं बसावं. मी काय सिनेमा बघायला आलेली नाही, उकिडवे. माझ्या माणसाला कशानं मारलं, ते बघायला आलेय."

हे तिनं मोठ्यानं सांगितलं. पुढच्या दोन रांगा वळल्या.

टिळक रस्त्यामागच्या त्या छोट्या सभागृहात वर्षातून एकदा, रविवारी सकाळी दहा वाजता, भयपटप्रेमी जमत. पुण्यात लोक सकाळी दहालाही घाबरायला तयार असतात, फक्त एकच्या आत सुटलं पाहिजे, जेवायचं असतं. त्याच सभागृहात दुपारी वधूवर मेळावा होता, त्यामुळे घाबरणाऱ्यांनी वेळ पाळावी अशी सूचना दारावर लावली होती.

सिनेमा इंग्रजी होता. त्याचं खरं नाव लांबलचक आणि उच्चारायला अवघड; पुण्यात तो पहिल्यांदा लागला तेव्हापासून सगळे त्याला 'जाळीवाला' म्हणत. सफरचंदाच्या बागेत सुट्टीवर आलेली मुलं आणि त्यांना एकेक करून मारणारा मधमाश्या पाळणारा. डोक्यावर मधमाश्यांपासून वाचायची जाळीची टोपी, हातात पोळं कापायचा सुरा. तो यायच्या आधी नुसती गुणगुण ऐकू येते. चाहते त्या वेळी आपापल्या खुर्चीत बसून गुणगुणतात. दीडशे सुशिक्षित माणसं तोंड मिटून 'म्ऽऽऽ' करत आहेत, हे दृश्य मूळ सिनेमापेक्षा भीतीदायक असतं.

युसूफचं शनिवार पेठेत गाद्यांचं दुकान होतं. यज्ञेश्वर एकटे, अविवाहित. त्यांनी एकदा गादी करून घेतली, ती आखूड निघाली म्हणून ते भांडायला गेले. भांडण संपेना तेव्हा युसूफ म्हणाला, "चला, सिनेमाला जाऊ. तिथं तुम्हाला बोलता येणार नाही." तो सिनेमा जाळीवाला होता. त्यानंतर टॉकीज बंद पडली, कॅसेटी आल्या, कॅसेटी गेल्या; दोघं वर्षातून एकदा जाळीवाला बघायचे चुकले नाहीत. युसूफ दर वेळी नव्यानं घाबरायचा. "अरे, तुला माहीत आहे ना आता काय होणार?" असं यज्ञेश्वर विचारायचे. युसूफ म्हणायचा, "इंजेक्शन दुखणार हे माहीत असलं म्हणून काय कमी दुखतं?"

गेल्या वर्षीच्या खेळानंतर आठवडा व्हायच्या आत युसूफ गेला. हार्ट. यज्ञेश्वर धावत त्याच्या घरी पोचले, दारात उभे राहिले, आणि भरल्या घरात सकीनानं त्यांच्याकडे बोट केलं. "इनोच मारे!" ती ओरडली. यांनीच मारलं. दुसरा काही अर्थ निघत नव्हता.

यज्ञेश्वरांनी खून केला यावर पेठेत कुणाचाही विश्वास बसला नाही. पण करू शकले असते, यावर एकमत होतं. युसूफचा मुलगा इमाद तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नव्हता. यज्ञेश्वर भाजी आणायलासुद्धा लांबच्या गल्लीनं जात. जगाकडून त्यांच्या फारशा अपेक्षा उरल्या नव्हत्या, एक होती. त्या बाईनं ते वाक्य मागं घ्यावं.

दिवे मंद झाले. भयपट मंडळाची तनया पुढं आली. ती आयटीत होती आणि तिच्या कानात सुऱ्यांच्या आकाराची कर्णफुलं होती.

"हाय एव्हरीवन! तर लोक नेहमी विचारतात की एवढ्या जुन्या स्लॅशर पिक्चरनं अजून का फाटते आपली? सॉरी, आजी. का भीती वाटते? कारण जाळीमागचा फेस शेवटपर्यंत दाखवतच नाहीत. सो प्रत्येक जण आपल्या मनातला फेस तिथं लावतो. माझ्यासाठी तो माझा मॅनेजर आहे."

टाळ्या पडल्या. बऱ्याच जणांचा मॅनेजर निघाला.

यज्ञेश्वरांना हे नवीन नव्हतं. युसूफनं फार पूर्वीच त्यांना विचारलं होतं, "तुम्ही कुणाचा चेहरा लावता?" यज्ञेश्वरांनी आपल्या ब्रँच मॅनेजरचं नाव सांगितलं होतं. "आणि तू?" यावर युसूफ नुसता हसला होता. गादीवाल्याला कुठला मॅनेजर, म्हणून यज्ञेश्वरांनी पुढं विचारलं नाही.

सिनेमा सुरू झाला. बागेतल्या घरात अंधार. एक मुलगी मेणबत्ती घेऊन जिन्यावरून उतरू लागली.

"ही दिवा का लावत नाही?" सकीनानं विचारलं.

"दिवा लावला तर सिनेमा संपेल."

"संपू दे की. पोरीचा जीव वाचेल."

"आजी, प्लीज," मागून कुणीतरी म्हणालं.

"तू गप बस. तुझ्या घरी आई अंधारात फिरते का?"

गुणगुण सुरू झाली. सकीना दचकून इकडंतिकडं बघू लागली. "हे काय? सगळ्यांचे भुंगे झाले?" मग पडद्यावर जाळी आली, मुलगी किंचाळली, सभागृह तिच्याबरोबर किंचाळलं आणि लगेच आनंदानं हसलं. लग्नात फटाका फुटल्यावर मुलं हसतात तसं. सकीनाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"एवढंच?" ती म्हणाली. "यासाठी हे घामाघूम होऊन घरी यायचे? यानं मुंगी मरणार नाही. माणूस कसा मेला?"

"मी तेच म्हणतोय, भाभी. आठवडा आधी पाहिलेल्या सिनेमानं..."

"तुम्ही काहीच म्हणू नका."

दोन मुलं आणि एक कुत्रा मेला. कुत्र्याच्या वेळी सभागृह हळहळलं. मुलांचं कुणाला काही वाटलं नाही. मग स्वयंपाकघर आलं. बागेतली जाडजूड, म्हातारी स्वयंपाकीण पीठ मळत होती. सकीना पहिल्यांदाच पुढं सरकून बसली.

"आली," ती स्वतःशीच म्हणाली. "आता बघा."

दीडशे तोंडांतून गुणगुण निघाली. स्वयंपाकीण वळली. सुरा वर गेला. बाईच्या हातातला पिठाचा डबा उलटला, ती पांढरीफटक होऊन पालथी पडली, आणि सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. सिनेमातला हा सर्वांत लाडका खून होता. पिठामुळे.

सकीना उभी राहिली. प्रोजेक्टरच्या झोतात तिची सावली मेलेल्या बाईवर पडली.

"ही मेली?"

"आजी, बसा ना!"

"ही कशी काय मेली? टाळ्या कसल्या वाजवताय, निर्लज्जांनो! दोन वेळचं खायला घालत होती ती बाई!"

ती रांगेतल्या गुडघ्यांना न जुमानता बाहेर पडली. यज्ञेश्वर मागोमाग गेले. बाहेर व्हरांड्यात मेळाव्याच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. त्यातली एक ओढून सकीना बसली. तिला धाप लागली होती.

"ती मरत नाही," ती म्हणाली. "तुमचा सिनेमा चुकलाय."

"भाभी, ती पहिल्यापासून मरतेय. दरवर्षी."

"यांनी मला सांगितलं ना! दरवर्षी घरी आले की सगळा सिनेमा सांगायचे. मी पोळ्या लाटायचे, पोरं भोवती बसायची. दिवे घालवायचे, गादीच्या ढिगामागून यायचे. आमची पोरं महिनाभर दुकानातून गादी आणायला जात नसत. ती बाई मरत नाही, उकिडवे. ती त्याच्या तोंडावर तिखट फेकते. जाळी असली म्हणून काय झालं, तिखट आत जातंच की."

"तसं काही सिनेमात नाही."

"मग यांनी पाहिलं कुठं?"

यज्ञेश्वर विचार करू लागले. वस्तुस्थितीच्या बाबतीत ते फार काटेकोर होते. "त्यानं तो सीन पाहिलेलाच नाही," ते म्हणाले. "स्वयंपाकघर आलं की तो उठून बाहेर यायचा. लघवीला. संपल्यावर परत यायचा. मी चिडायचो त्याच्यावर. पण साखर होती ना त्याला."

"साखर तर आत्ता अलीकडची."

"हो."

"त्याच्या आधी?"

आतून पुन्हा गुणगुण ऐकू येत होती.

"आधीही जायचा," ते म्हणाले.

सकीना बंद दाराकडे बघत राहिली. मग तिनं ओढणीनं नाक पुसलं, आणि आवाज पुन्हा होता तसा कडक केला.

"तिखट फेकल्यावर तो शिंकत सुटतो. मग ती लाटण्यानं त्याची जाळी वर करते. पोरं इतकी ओरडायची, की शेजारचे भिंतीवर थापा मारायचे."

"पण चेहरा दाखवतच नाहीत. तेच तर त्या सिनेमाचं..."

"आमच्याकडं दाखवायचे."

"कुणाचा?"

सकीनानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचा."

यज्ञेश्वरांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण नीटच ऐकलं होतं.

"सुरुवातीपासून तुम्हीच असायचे. हे तुमच्यासारखे सावकाश चालत यायचे, हात मागे बांधून. पळायचे नाहीत कधी, घाई असली तरी. आधी घसा खाकरायचे. मग म्हणायचे, 'माफ करा, जरा मान इकडं करता का?'" तिनं ते अगदी हुबेहूब म्हटलं. नाकातून आलेलं, तुटक, सरकारी. आपण बोलताना कसे ऐकू येतो हे यज्ञेश्वरांना या वयात पहिल्यांदा कळलं. "आणि जाळी वर केली की सगळी पोरं एकदम बोट दाखवून ओरडायची. काय ओरडायची, माहितेय?"

त्यांना माहीत नव्हतं. मग हळूहळू माहीत झालं.

"त्या दिवशी माझं माणूस समोर पडलेलं," सकीना म्हणाली. "रडूसुद्धा येत नव्हतं. वर बघते तर दारात तुम्ही. हात मागं. घसा खाकरला तुम्ही. माझ्या तोंडून जे दरवर्षी निघायचं तेच निघालं. मी बोलून गेले आणि माझं मलाच कळलं, आता पुढचं हसायला कुणी नाही."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?" यज्ञेश्वरांचा आवाज चढला. "लांबच्या गल्लीनं जातोय मी! दूधवालासुद्धा माझ्याकडं कसा बघतो!"

"काय सांगू? नवरा गेला तेव्हा बायको नाटकातलं वाक्य बोलली? लोकांना खून पटतो, उकिडवे. हे पटलं नसतं. आणि अगदीच खोटं होतं असंही नाही. दरवर्षी माझ्या माणसाला घेऊन जायचे तुम्ही. मला कधी विचारलंत? 'भाभी, चला' म्हणून?"

"तुम्ही आला असतात?"

"नसते आले. विचारायला काय झालं होतं?"

यज्ञेश्वरांनी हा मुद्दा मनातल्या मनात मान्य केला. तोंडानं मान्य करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. "म्हणजे मी मारलं नाही," ते म्हणाले. "एवढं तरी स्पष्ट म्हणा."

"डॉक्टर म्हणाले, हार्ट. तुम्हाला एवढा मोठेपणा कशाला?" सकीना उठली. "कुणाला मारायचं म्हणजे धमक लागते."

वाक्य मागं घेतल्याचं यापेक्षा चांगलं प्रमाणपत्र मिळणार नव्हतं. ती पायऱ्यांकडे निघाली. यज्ञेश्वर अर्ध्या व्हरांड्यापर्यंत तिच्या मागं गेले, आणि मग त्यांना राहवेना.

"मी 'माफ करा' म्हणत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"मी 'क्षमा करा' म्हणतो. नेहमी."

सकीना थांबली. आठवायला तिला थोडा वेळ लागला.

"हो," ती म्हणाली. "तुमची नक्कल करताना हेसुद्धा 'क्षमा करा'च म्हणायचे. माझंच चुकलं."

खाली फाटकापाशी इमाद स्कूटर चालू ठेवून उभा होता. हडपसरला कंपनीत चांगल्या हुद्द्यावर असलेला, पोट सुटलेला, चाळिशीचा माणूस. यज्ञेश्वरांकडे त्यानं पाहिलं नाही. "अम्मी, चलो," एवढंच म्हणाला. सकीना मागं एका बाजूला पाय सोडून बसली आणि तिनंही निरोप घेतला नाही. स्कूटर गेली.

वरून तनया कठड्यावर वाकून ओरडली, "काका, तुम्ही वर येताय ना? क्लायमॅक्स मिस होईल!"

"पाहिलाय," यज्ञेश्वर म्हणाले.

त्यांना त्याच रस्त्यानं जायचं होतं. ते फूटपाथवर आले. भर दुपारचं ऊन होतं, रविवार असूनही गर्दी होती, आणि पुढच्या चौकातला सिग्नल लाल होता. रिक्षा, मोटारी, आणि त्यांच्यामध्ये इमादची स्कूटर अडकून उभी होती.

यज्ञेश्वरांनी हात मागं बांधले आणि चालू लागले.

घाई नव्हती. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ मागं पडलं, एक मेडिकल मागं पडलं. इमादनं आरशात पाहिलं. मान खाली घातली. मग पुन्हा आरशात पाहिलं आणि थोडा सरकून बसला. सकीनानं मागं वळून बघितलं, आणि ओढणी तोंडावर घट्ट दाबून धरली. तिचे खांदे हलत होते. हसण्यानं की कशानं, ते एवढ्या अंतरावरून सांगता येत नव्हतं.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले, तरी स्कूटर जागची हलेना.

यज्ञेश्वर त्याच चालीनं चालत राहिले.