उजव्या बाजूचे नऊ मिलिमीटर

आमच्या गॅरेजमध्ये मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपचं काम एकटा माणूस करत नाही. उजवा पाईप दादाचा, डावा माझा. हा नियम वडिलांनी घालून दिलेला. एकाच माणसाने दोन्ही बाजू केल्या की दुसऱ्या बाजूला तो कंटाळतो, असं त्यांचं म्हणणं. वडील गेले, नियम राहिला, आणि उजव्या हाताने जेवणारा-लिहिणारा मी सगळ्या बाजारात ‘डावा’ झालो. पोस्टमनसुद्धा ‘डावे आहेत का?’ असंच विचारतो.

त्याच पोस्टमनने महिन्यापूर्वी मला ते पत्र दिलं होतं. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या वर्कशॉपचं. मी गुपचूप जाऊन परीक्षा देऊन आलो होतो आणि पास झालो होतो. अमुक सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं त्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं. ही गोष्ट घडली तेव्हा तो सोमवार उलटून चार दिवस झाले होते. पत्र माझ्या पान्यांच्या पेटीत तळाशी तसंच पडून होतं.

मी गेलो नाही, कारण दादाला दिसत नव्हतं. म्हणजे माणसं, रस्ता, गाड्या दिसायच्या. पट्टीवरच्या बारीक रेघा दिसायच्या नाहीत. त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं, वहिनीलासुद्धा नाही. पण वर्षभर त्याची उजवी बाजू कधी दोन मिलिमीटरने चुकायची, कधी तीनने. दोन पाईप खालीवर राहिले तर चाक वाकडं बसतं आणि गाडी एका अंगाला ओढते. म्हणून तो चहाला उठला की मी त्याची बाजू माझ्या बाजूशी जुळवून टाकायचो. सांगावं तर त्याचा जीव जाईल, न सांगता निघून जावं तर कुणातरी गिऱ्हाइकाचा. अशी माझी कोंडी झाली होती. आणि खरं सांगतो, कधी कधी मला त्याच्या डोळ्यांचाच राग यायचा.

त्या दिवशी सकाळी एका गाडीचे पाईप सहा मिलिमीटर वर घेऊन झाले. मग बेकरीवाला आला. पुढे जाड टायर टाकून घेतला होता, भारी दिसतो म्हणून.

“दिसतो झकास,” तो म्हणाला, “पण गाडी वळायला म्हशीसारखी झालीय.”

“होणारच,” दादा म्हणाला. “टायर मोठा, म्हणजे पुढचं तोंड वर गेलं. टीमधून पाईप तेवढेच वर सरकवले की तोंड खाली येईल. नऊ घेऊ.”

टी म्हणजे दोन्ही पाईप धरून ठेवणारी हँडलखालची पकड. गाडी जॅकवर घेतली, बोल्ट सैल केले, आणि आम्ही आपापल्या बाजूला बसलो. समोरासमोर, मधे चाक. अकरा वर्षं हेच. माझ्या डोक्यात तो गेलेला सोमवार घोळत होता. बोल्ट आवळले आणि दादा हात पुसत आत गेला.

मी त्याची बाजू पाहिली. माझ्यापेक्षा तीन मिलिमीटर वर. झालं याचं पुन्हा, असं पुटपुटत मी त्याचा बोल्ट सैल केला, पाईप खाली घेतला, माझ्याशी जुळवला आणि आवळून टाकला.

दादा परत आला तो हातात काहीतरी घेऊन. बोटाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा, एका टोकाला पायरी काढलेली. तो त्याने टीवर उभा ठेवला आणि पायरी आणि पाईपचं तोंड यांवरून नख फिरवलं. नख अडकलं, म्हणजे पाईप पायरीच्या पातळीत नव्हता. तो माझ्या बाजूला आला. तिथेही अडकलं.

“माझी बाजू मी ह्याच मापाने नऊला ठेवली होती,” तो म्हणाला. “आता इथे नऊ नाहीत. तुझ्याकडेही नाहीत. माझ्या पाईपला कोणी हात लावला?”

मी पट्टी लावली. सहा. सकाळच्या गाडीचं माप माझ्या हाताने तसंच पुन्हा ठेवलं होतं, आणि वर मी त्याचं बरोबर असलेलं बिघडवलं होतं.

“मी,” म्हणालो. “वर्षभर करतोय. तुला रेघा दिसत नाहीत, दादा.”

मला वाटलं, आता पाना अंगावर येणार. तो खाली स्टुलावर बसला.

“माहीत होतं,” तो म्हणाला. “बोल्टच्या डोक्यावर तुझ्या पान्याच्या खुणा असतात. बोटाला लागतात त्या.”

त्याने कपाटाचा खण ओढला. आत तसलेच वीस-बावीस तुकडे होते. तीनचा, चारचा, पाचचा, प्रत्येकाला बोटाने मोजायला तेवढ्या खाचा. ड्रिलच्या बिटांशी ताडून, कानशीने घासून, महिनाभर दुपारच्या सुट्टीत त्याने ते केले होते.

“आता मला पट्टी लागत नाही. दोन्ही बाजू मी एकटा करीन. वडील काय, बघायला थोडेच येणार आहेत?” तो हसला. “तुझं पत्र बघितलं मी. तुझ्या पेटीत चौदाचा पाना शोधत होतो. वरचं वर्कशॉपचं नाव मोठं होतं, तेवढं वाचलं. खालचं काही लागेना, आणि हिला वाचायला सांगावं तर माझे डोळे उघडे पडणार. कधी हजर व्हायचंय?”

त्याच्या हाताला कानशीने पडलेले घट्टे मला दिसत होते. गेलेली तारीख सांगितली असती तर त्याने घासलेले ते सगळे तुकडे फुकट गेले असते.

“येत्या सोमवारी,” मी म्हणालो.

“मग आजच निघ की! अगं ए, ऐकलंस का, मोठी बॅग काढ, डावा चाललाय!”

वहिनी काउंटरवरून धावत आली. “भावजी, एवढी मोठी गोष्ट लपवून ठेवलीत?” तिचे डोळे भरून आले होते.

दादाने माझी बाजू स्वतःच सैल केली. पाईप सरकवला, तुकडा लावला, नख फिरवलं. मग उजवी केली. मी मधे उभा होतो आणि माझ्यासाठी कुठलीच बाजू उरली नव्हती.

बेकरीवाला गाडी फिरवून आला. “लोण्यासारखी वळते,” म्हणाला.

तिकडची जागा दुसऱ्याला गेलेली असणार हे माहीत असूनही मी मागे घरात जाऊन कपडे बॅगेत भरायला लागलो.