सशाची साक्ष

निरोगी माणूस नेमका कसा असतो, हे साऱ्या विज्ञानाला यापुढे वर्ध्यावरून ठरवावं लागणार होतं, कारण तो सापडला होता. नाव रूपराव, प्रयोगशाळेतले शिपाई. दुसरं कोणी रक्त द्यायला तयार नव्हतं, म्हणून त्यांची निवड झाली होती.

हर्षा तिथे कॅन्सरवर पीएच.डी. करत होती. पेशी संकटात सापडली की स्वतःला सावरायला काही प्रोटीनं तयार करते; कॅन्सरच्या पेशींत ती भरपूर असतात. ही प्रोटीनं शोधायची अँटीबॉडीनं. ही अँटीबॉडी सशाच्या रक्तातून काढलेली. ती त्याच प्रोटीनला जाऊन चिकटते आणि पांढऱ्या कागदावर काळा पट्टा उमटतो. कॅन्सरचा पट्टा गडद आणि तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी रूपरावांचा जेमतेम, असं दिसायला हवं होतं.

सोमवारी रूपरावांचाच पट्टा सगळ्यांत काळा निघाला.

हर्षाचे सर खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. एवढ्यावरून कॅन्सर ठरत नाही, असं हर्षा तीनदा म्हणाली. पण त्या वाक्यातला एकच शब्द दाराबाहेर गेला. दुपारी टपरीवाल्यानं रूपरावांना स्वतःचं स्टूल बसायला दिलं, तेव्हा ते चहा तसाच ठेवून हर्षाकडे आले.

"मॅडम, खरं सांगा. मले झाला का?"

तिनं सशापासून सगळं समजावलं.

"मी जन्मात सशाचं काई बिघडवलं नाई. त्यानं काऊन माह्यावर बोट ठेवलं?"

रक्त दिलं त्या दिवशी ताप होता का, काही औषध घेतलं होतं का, हर्षा विचारत गेली. नाही, नाही. उन्हात होतात का? रूपरावांनी आधी दार लोटून घेतलं. मग कळलं ते असं: त्या दिवशी केळझरला साळ्याच्या पोराची वरात होती. मे महिना, पारा शेचाळीसवर. बँडपुढे ते सव्वादोन तास नाचले आणि तसेच गाडीवरून येऊन चार वाजता त्यांनी सुईपुढे हात धरला. कडक ऊन लागलं की धडधाकट पेशीतही हेच प्रोटीन वाढतं. त्याचं नावच हीट शॉक प्रोटीन.

रूपरावांना आठवडाभर सावलीत ठेवून त्यांचं रक्त पुन्हा घेतलं. पट्टा जेमतेम उमटला. डॉक्टरांनीही तपासून काही नाही म्हटलं. हर्षानं डोळे पुसले, वही उघडली आणि कारण नोंदवलं: नमुना देणारी व्यक्ती सव्वादोन तास उन्हात नाचली होती.

रूपराव वाकून वाचत होते.

"मॅडम, 'नाचली' तेवढं खोडा ना. त्या दिवशी चारपर्यंतची रजा मी गुडघेदुखीची टाकलती."